शर्यतीचं घड्याळ

उमरठच्या वरच्या वाडीतला भागोजी वर्षभर शिमग्याच्या शर्यतीसाठीच जगतो, असं त्याची बायको रखमा म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. भात झोडून झालं की हा माणूस जो बैलांच्या मागे लागायचा, त्याला जेवणाचंही भान राहत नसे.

शर्यतीची जागा म्हणजे नदीकाठची चिंचोळी पट्टी. दोन गाड्या शेजारी धावायची सोयच नाही. म्हणून एकेक जोडी सोडायची आणि वाडीतल्या पांडूने मोठ्याने आकडे मोजायचे. ज्याच्या वेळी आकडे कमी, त्याला मानाचा नारळ. गेल्या साली खालच्या वाडीतल्या चांगूची जोडी धावत असताना पांडूला ऐन मध्यावर ठसका लागला. ठसक्यात आकडे बुडाले, चांगू जिंकला आणि भागोजीने पांडूशी वर्षभर अबोला धरला.

यंदा मात्र भागोजीचा मुलगा गोमाजी मुंबईहून आला होता. बऱ्याच वर्षांनी. तिथे तो एका शेठच्या पागेत होता आणि सरावाला घोडे पळवले की त्यांची वेळ तोच घ्यायचा. एक मोठी शर्यत जिंकल्याच्या खुशीत शेठने आपल्या मनगटावरचं सोन्याचं घड्याळ काढून त्याच्या हाताला बांधलं होतं. ते बघायला दोन्ही वाड्या लोटल्या.

"ह्यो लांब काटा मेलाय का रे?" चांगूने विचारलं.

"मेला नाय, झोपलाय." गोमाजीने बाजूची कळ दाबली. काटा पळू लागला. पुन्हा दाबली, थांबला. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा टुणकन आपल्या जागी जाऊन बसला. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. यंदाची वेळ गोमाजीने घ्यायची हे तिथल्या तिथे ठरलं, आणि पांडू सुटला बिचारा.

भागोजीची छाती फुगली. जेवताना तो गमतीने म्हणाला, "उद्या बापाकडं जरा बग रे बाबा."

गोमाजी घड्याळाची काच रुमालाने पुसत होता. मान वर न करता तो म्हणाला, "काटा बाप वळखत नाय, बा."

बोलणं बरोबरच होतं. भागोजीला काही लबाडी नको होती. पण परक्या माणसाला सांगावं तसं पोराने सांगितलं, ते त्याला लागलं. मुंबईने आपला गोमा ठेवून घेतला आणि हा दुसराच कोणी पाठवला, असं त्याच्या मनात आलं. हातातली भाकरी गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी चांगूची जोडी आधी धावली. गोमाजी शेवटच्या खुंटाशी ताठ उभा. तिकडे सुरुवातीला इशाऱ्याचं मुंडासं खाली पडलं की इकडे कळ दाबायची, गाडीने खुंट ओलांडला की पुन्हा दाबायची. त्याने वेळ वाचून दाखवली. चेहरा अगदी सरकारी.

मग भागोजीने कासरा हातात घेतला. मुंडासं पडलं आणि त्याचे बैल मोरा-चित्र्या असे उधळले की त्याला धुळीपलीकडे काही दिसेना. पण ऐकू येत होतं. "हुर्रर मोरा! हुर्रर बा, हाण!" अर्ध्या वाटेत धूळ फाटली. खुंटाशी एक माणूस दोन्ही हात वर करून नाचत होता, आणि त्याच्या मनगटावर सोनं चमकत होतं.

गाडी थांबली. गर्दी गोमाजीभोवती गोळा झाली.

"किती रे?"

गोमाजीने घड्याळाकडे पाहिलं. लांब काटा आपल्या जागी गाढ झोपला होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "कळ... दाबायचीच राह्यली."

"ह्याच्यापेक्षा माजा ठसका बरा!" पांडू ओरडला आणि नदीकाठभर हशा पिकला. चांगूही दिलदार. म्हणाला, "परत सोड गाडी, भागोजीदादा. मी थांबतो."

"नको रे, बैल दमलं. नारळ तुजा." भागोजी हसत होता. तो पांडूशीही हसला, तेव्हा रखमाला वाटलं, याला ऊन लागलं.

घरी परतताना गोमाजी खाली मान घालून गाडीमागून चालत होता. "बा, नारळ माज्यापायी गेला."

"मुंबईत घोडं किती मोजलंस?"

"हिशेब नाय."

"कवा कळ दाबायला इसारलास?"

"एकदा पन नाय, बा."

भागोजीने गाडी थांबवली आणि कासरा पोराच्या हातात दिला. "मंग बस म्होरं. काटा बापाला वळखत नसंल. पन तुजा आंगठा वळखतो."