एवढी पाटी वाचून

प्रागच्या जुन्या पुलावर यशवंतराव टूरला येऊन मिळाले. गेल्या दिवाळीत ते वारले होते, त्यामुळे व्हिसाची भानगड नव्हती. स्वेटर तोच, कोपराला रफू केलेला. कराडच्या निमाताईंनी त्यांच्या हातावर बाकरवडी ठेवली आणि इंदुमतीबाईंना कोपरखळी मारली, "आले बरं का तुमचे. आता तरी फोटोत हसा."

"एवढा उशीर?" इंदुमतीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"वाटेत पाट्या होत्या."

खोटं नव्हतं. जन्मभर हा माणूस दिसेल ती पाटी वाचत मागे राहिला आणि बाई पुढून "अहो, चला" करत आल्या.

गाईड मार्टा तिच्या भाषेत बोलायची आणि कानातल्या यंत्रातून मराठी यायचं. गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "ही गल्ली चालणाऱ्याच्या मागे मिटत येते. जो रेंगाळेल तो भिंतीत जातो. त्याला नावानं हाक मारा, म्हणजे तो येतो. पलीकडे स्वच्छतागृह आहे."

शेवटचं वाक्य ऐकून सगळे झपाझप निघाले.

गल्ली एका माणसापुरतीच रुंद होती. मागची घरं कपाटाचं दार लोटावं तशी एकमेकांना टेकत येत होती. इंदुमतीबाईंनी वळून पाहिलं. यशवंतराव एका दाराशी वाकून पितळी पाटी वाचत होते. त्यांच्या मागे आता रस्ता नव्हता, भिंत होती.

"अहो!"

पुढचे सगळे नवरे वळले. "काय गं?" एका सुरात. यशवंतराव तेवढे वळले नाहीत.

"नाव," मार्टा म्हणाली.

ते नाव इंदुमतीबाईंनी उखाण्याबाहेर कधी उच्चारलंच नव्हतं. लग्नात घास भरवताना घेतलं, तेव्हा बँड वाजत होता. पुढे हळदीकुंकवात, बायकांत. हॉस्पिटलात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, तर त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं होतं.

"घ्या की नाव!" निमाताई ओरडल्या. "या वयात कसलं लाजताय?"

"घ्या, घ्या!" बायकांनी रांगेतूनच गलका केला. त्यांना सवयच होती.

भिंत यशवंतरावांच्या पाठीशी आली. इंदुमतीबाईंनी डोळे मिटले.

"दगडी पुलाखालून नदी वाहते संथ,
गल्लीत मागे राहिले माझे यशवंत."

टाळ्या पडल्या. "अय्या, छान जमलं!" टाळ्यांत नाव बुडालं.

"एवढी पाटी वाचून आलोच," ते पाटीकडेच बघत म्हणाले.

मग बाईंनी पदर कमरेला खोचला आणि जन्मात पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं, मोठ्यानं, पुढे-मागे काही न जोडता.

"यशवंत!"

त्यांनी मान वर केली. परक्या गावात कुणी अनोळखी बाई दुसऱ्याच कुणाला हाक मारताना दिसावी, तसं त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग कुणाला बोलावतायत म्हणून मागे पाहिलं. मागे भिंत होती. तरी माणूस सभ्य. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पोट आत घेतलं आणि त्या दुसऱ्याला जायला वाट मिळावी म्हणून भिंतीला पाठ लावून उभे राहिले.