ढब्बू पैसा

म्हाळूने तांबटाची मोडीची पाटी पालथी केली आणि गुडघे टेकून एकेक तुकडा चाळू लागला. घागरीचं बूड, कळशीचा कान, पिचलेली पळी. ढब्बू पैसा एकही नाही.

"सगळे वितळले गड्या," तांबट म्हणाला. "दुष्काळात लोकांनी पायलीनं आणून घातले, तवा तू कुठं होतास?"

चहाच्या टपरीवर म्हातारे शंकरराव बसले होते. ढब्बूचं नाव निघताच त्यांनी सुखानं डोळे मिटले.

"काय वजन होतं त्याला. कनवटीला एक असला तरी माणूस छाती काढून चालायचा."

"हाय का आबा, तुमच्याकडं एखादा?"

"आता कुठला रं."

दौंडच्या बाजारात ज्याच्या त्याच्या जिभेवर ढब्बू होता, खिशात कुणाच्याच नव्हता. म्हाळूला त्या आठवणींचा संताप आला. तिकडं वरवंडला त्याचं पोर दूध ओढत नव्हतं आणि उद्या पाचवी होती. आधीची दोन गेली होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं पोर सटवाईनं कपाळ लिहिण्याआधी शेजारणीनं तांब्याच्या पैशात विकत घ्यायचं, आणि तो पैसा पोराच्या कमरेला बांधायचा. मागच्या पोराला ॲल्युमिनियमच्या नव्या पैशात विकलं होतं. पाण्यावर तरंगणाऱ्या पैशात कुठं जीव मिळतो, असं म्हाळूची आई बानूबाई तेव्हापासून म्हणत होती.

तो घरी आला तेव्हा ती उंबऱ्यातच बसली होती.

"न्हाई मिळाला," तो म्हणाला.

"मग शिरूरला जा. तिथं मिळंल."

"येस्तवर पाचवी उलटंल, आत्याबाई," बाजेवरून त्याची बायको गिता म्हणाली. तिची नजर म्हाळूच्या कमरेकडे गेली आणि लगेच खाली वळली.

त्याच्या करदोट्यात एक ढब्बू होता. लहानपणी त्यालाही असंच विकलं होतं. पैसा अंगावरून उतरला की सौदा मोडतो, मग माणूस मरणाचा, हे बानूबाईनंच त्याला शिकवलं होतं. घरात तिघांनाही तो पैसा ठाऊक होता. तिघंही दिवसभर त्याचं नाव टाळत होती. गिताला तर नवऱ्याची कमर दिसू नये असं वाटत होतं.

म्हाळू गोठ्यामागे गेला. परत येऊन त्यानं आईच्या तळहातावर ढब्बू ठेवला.

"मागल्या आळीच्या मच्छिंद्रकडं व्हता."

बानूबाईनं मूठ मिटली. पैसा अंगाच्या उबेनं कोमट होता.

"मच्छिंद्रकडं," ती म्हणाली. बराच वेळ तिची मूठ सुटेना.

शेजारची रंभा आली. बानूबाईनं दिलेला ढब्बू तिनं गिताच्या हातावर ठेवला आणि पदर पसरून पोर घेतलं. रीत झाली. रंभा पोर परत द्यायला वाकली, तेवढ्यात बानूबाईनं म्हाळूचं मनगट धरून त्याला पुढं ओढलं.

"रंभे, पैसा एकच हाय," ती म्हणाली. "त्यात दोघं घे."