शेठचं जाकीट

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोघांच्या पायांनी संप पुकारला होता. एक माझी नणंद आणि दुसरा शेठ. नणंदेचा डावा गुडघा नुकताच बदलला होता, आणि शेठचे मागचे दोन्ही पाय न विचारता रजेवर गेले होते. शेठ म्हणजे आमचा कुत्रा. रंग बिस्किटाचा, वय तेरा. माझ्या दुकानाच्या दारात असा ऐसपैस बसायचा की कपडे शिवायला टाकायला आलेली बाई आधी त्याच्याकडे बघून हसायची आणि मग माझ्याकडे वळायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा. नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने. त्यामुळे घर चालवायला आम्ही दोघी, आणि ते नीट चालतं की नाही यावर लक्ष ठेवायला शेठ.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे पाय दाबून, वाकवून, सोडून पाहिले. म्हणाले, याला जमिनीवर फार चालवू नका, पाण्यात चालवा. वजन पाणी उचलेल, पाय आपलं काम आठवतील. रोज दहा मिनिटं, उन्हाळाभर. तेवढ्यात धरले तर धरले. नाही धरले तर थंडीत तो उठू शकणार नाही. वन्सं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी आपली गादी पलंगावरून काढून जमिनीवर टाकली, शेठच्या पोत्याला लागून. नव्या गुडघ्याला ते अजिबात चालणार नव्हतं. मी बोलले, त्यांनी ऐकलं नाही, असा आमचा नेहमीचा कार्यक्रम झाला.

वन्सं म्हणजे तीस वर्षं पोहण्याच्या तलावावर शिकवणारी बाई. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर तरंगली आहेत आणि उरलेली निम्मी त्यांच्या शिट्टीला घाबरून घरी बसली आहेत. पण गुडघ्याची जखम ताजी, तळ्याचा तळ चिखलाचा. त्यांना सहा महिने पाण्यात उतरायची बंदी. म्हणजे शेठला घेऊन उतरायचं कोणी, तर मी. आणि माझं पाण्याशी नातं बादलीपुरतं. गळ्यापर्यंत पाणी आलं की मला माझीच मापं आठवेनाशी होतात.

“कंबरेपर्यंत तर जाल ना, वहिनी?”

“कुणाच्या कंबरेपर्यंत ते ठरवा आधी,” मी म्हटलं. मी शेठपेक्षा फार उंच नाही, असं वन्संचं मत आहे.

तळं घरापासून दहा मिनिटांवर. वन्संनी आधी एकट्यांनी, काठी टेकत, दोन सकाळी जाऊन पाहणी केली. कुठल्या कडेला हिरवा तवंग धरलाय, तिकडे जायचं नाही. कुठे उतार हळू आहे. कुठे झाडाची सावली साडेआठपर्यंत टिकते. पायवाटेच्या फरशीवर हाताचा मागचा भाग टेकवायचा, चटका बसला तर कुत्र्याला त्यावरून न्यायचं नाही. प्यायचं पाणी घरून बाटलीत न्यायचं, तळ्याचं पिऊ द्यायचं नाही. बाहेर आला की स्वच्छ पाण्याने धुवायचं, कान आतून कोरडे करायचे. मी हे सगळं ऐकताना मान हलवत होते आणि मनात जाकीट शिवत होते.

तरंगायला जाकीट हवं, हे त्यांनीच सांगितलं होतं. विकतचं आणू म्हणाल्या. मला ते लागलं. बोहल्यावर चढणाऱ्या पोरींच्या ब्लाउजच्या पाठी मी अशा बसवते की त्यांना श्वास घेतल्याचं कळत नाही, आणि माझ्या घरचा कुत्रा तयार कपडे घालणार? मी शेठला कापायच्या टेबलावर उभं केलं. छाती, पोट, मानेचा घेर, पुढच्या पायांची बगल. त्याने गिऱ्हाइकासारखं पोट आत घेतलं. रेनकोटचं निळं कापड होतं, सोफ्याच्या उशीतला फोम होता, बॅगेचे चाप होते. पाठीवर धरायला मूठ केली, दोरीसाठी मानेजवळ कडी लावली. आणि सगळीकडे दुहेरी टीप, कारण त्यात एक जीव बसायचा होता.

वन्संनी जाकीट उलटसुलट करून पाहिलं. आधी पाण्यात टाकून बघू म्हणाल्या. मी फोमचा उरलेला तुकडा बादलीत टाकला. बदकासारखा तरंगला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि बादली ओतून टाकली.

पहिल्या सकाळी तळं इतकं स्तब्ध होतं की त्यात उतरताना काहीतरी उसवेल असं वाटलं. आदल्या दिवसाचं ऊन पाण्यात मुरून राहिलं होतं. वरचा थर कोमट, खाली घोट्यांना गार. शेठ माझ्या बाजूने चालत आला, थांबला, आणि पुढच्या पावलाला त्याच्या खालची जमीन संपली. तो बुडाला नाही. निळं जाकीट त्याच्याखाली फुललं आणि तो तरंगला, नाक वर, कान पाण्यावर पसरलेले, चेहऱ्यावर असा भाव की हे आधी का सांगितलं नाहीत.

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी दोरी हातात धरून त्याच्याबरोबर चालत होते. पाणी छातीपर्यंत आलं आणि मला भीती वाटली नाही. झाडाच्या सावलीचे तुकडे आमच्या अंगावरून सरकत होते, मशीनखालून कापड सरकावं तसे. दूर कुठेतरी कुणी सतरंजी झटकत होतं आणि तो आवाज फार वेळाने पोचत होता. मला वाटलं नवरा याच पाण्यावर कुठेतरी आहे, आणि आता थोडं चाललं की त्याची बोट दिसेल. शेठ हळूहळू खाली बसतोय हे मी पाहत होते. मला वाटलं, सैलावला.

वन्संची शिट्टी झाली. त्यांना काठावरून दिसत होतं ते मला जवळून दिसत नव्हतं: त्याची पाठ पाण्याखाली गेली होती आणि फक्त नाक उरलं होतं. मी दोरी ओढली. कडी मानेजवळ, नाकही खाली गेलं.

“दोरी सोडा,” वन्सं म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. तलावावर पोराला सांगतात तशा, जणू वेळ भरपूर आहे. “दोन पावलं पुढे. हात पोटाखाली घाला. आता मूठ धरा आणि माझ्याकडे पाठ करून मागे मागे या.”

त्या दोन पावलांत पाणी माझ्या हनुवटीला लागलं. मी गेले. हात घातला तर शेठ नव्हे, ओल्या गादीचा गठ्ठा लागला. तो कसा उचलला मला माहीत नाही. मागे मागे येताना मी फक्त वन्संचा आवाज ऐकत होते, हं, हं, हं, मशीनच्या एका सुरासारखा.

काठावर त्यांनी चाप सोडले आणि जाकीट बाजूला पडलं. त्यातून पाणी येतच राहिलं, प्रत्येक टिपेतून, बारीक धारांनी. तेव्हा मला कळलं. मी जितकी शिवण पक्की केली होती तितकी सुईची भोकं जास्त होती, आणि आत सोफ्याचा स्पंज. बादलीत तो दोन मिनिटं तरंगला होता. तळ्यात त्याला सात मिळाली.

शेठ खोकला, पाणी ओकला, थरथरत राहिला. आम्ही त्याला टॉवेलात गुंडाळून तसंच डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ होती. उद्यापर्यंत खोकल्यावर, श्वासावर लक्ष ठेवा म्हणाले. ते लक्ष आम्ही दोघींनी ठेवलं. वन्सं रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या गप्प बसल्या, त्यामुळे काहीच करता येईना. संध्याकाळी मी म्हटलं, माझ्यामुळे तो गेला असता. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे आला पण. आणि भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून जाकीट आणलं. भडक केशरी, शिवण वाकडी, रेषा नाही की बसणी नाही. त्यांनी ते दगड बांधून टाकीत टाकलं आणि दिवसभर ठेवलं. संध्याकाळी ते दगडासकट वर होतं. मी वाकड्या शिवणीबद्दल एक शब्द बोलले नाही. माझ्यासाठी हे फार आहे.

पण शेठ आता तळ्याजवळ येईना. पाण्यापासून दहा पावलांवर बसायचा, आमच्याकडे पाठ करून. घरी पायऱ्या चढताना मागचे पाय नुसते ओढायचा. कॅलेंडरवरचा एक महिना उलटला होता. मी काठावर उभी राहून त्याला हाका मारल्या, बिस्किटं दाखवली, विनवण्या केल्या.

“त्याला बोलवू नका,” वन्सं म्हणाल्या. “बोलावलेलं पोर येतं आणि रडतं. तुम्ही आत जाऊन बसा.”

“मी एकटी?”

“त्याने पाहायला हवं ना, तुम्ही परत येता ते.”

मग मी बसायला लागले. रोज सकाळी, उथळ पाण्यात, कंबरेपर्यंत. पहिले दोन दिवस मी बाहेर कधी जायचं हेच मोजत होते. तिसऱ्या दिवशी मोजायचं विसरले. बोटांमध्ये पाणी धरायचं आणि सोडायचं. चिमुकले मासे यायचे, पायाच्या अंगठ्याची चौकशी करून जायचे. आयुष्यभर मी मान खाली घालून सुईच्या टोकाकडे बघत आले, आणि इथे बघायचं असं काहीच नव्हतं, नुसता उजेड हलताना दिसायचा. डोळे मिटले की पाणी कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते ते कळायचं नाही. वन्सं काठावर खुर्चीत बसून गुडघ्याचे व्यायाम करायच्या आणि दहा मिनिटं झाली की शिट्टी वाजवायच्या. मी एकदा अजून दोन मिनिटं मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात.

पाचव्या दिवशी शेठने तोंड आमच्याकडे केलं. आठव्या दिवशी पुढचे दोन पंजे ओले करून परत गेला, जणू नळ बंद करायला आला होता. मी डोळे मिटलेलेच ठेवले. अकराव्या दिवशी माझ्या दंडाला काहीतरी गार लागलं. त्याचं नाक होतं. तो पोटापर्यंत पाण्यात उभा होता, थरथरत, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, मी घाबरलेली आहे का ते तपासत.

वन्संनी काठावरून केशरी जाकीट पुढे केलं. मी ते त्याच्या अंगावर हळूच चढवलं, चाप एकेक करून लावले. मग उभी राहिले आणि एक पाऊल मागे गेले, एक तो पुढे आला. असं करत त्याच्या खालची जमीन पुन्हा एकदा संपली. त्याचं सगळं अंग दगड झालं. मी तळहात त्याच्या पोटाखाली ठेवला. त्याचं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं, माझं माझ्या कानात.

किती वेळ गेला, कोण जाणे. पाणी हलायचं थांबलं. काठावर खुर्ची करकरली. वन्सं उभ्या राहिल्या असाव्यात.

“हात काढा, वहिनी.”

मी एकेक बोट काढलं. शेवटी करंगळी राहिली, तीही काढली. शेठ होता तिथेच राहिला, नाक वर, डोळे माझ्यावर. वर सगळं शांत होतं. आणि मग खालून, जिथे काही दिसत नव्हतं तिथून, त्याच्या मागच्या पायांनी ढकललेलं पाणी येऊन माझ्या पोटाला लागलं. थोडं थांबून पुन्हा एकदा लागलं.

मी काठाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वन्सं रडताना दिसल्या असत्या आणि त्यांनी ते मला कधी माफ केलं नसतं. मी फक्त तिथूनच, पाणी हलू न देता, त्यांना सांगितलं की दोन्ही पाय मारतोय.