उतरवलेला सूर

"आज सूर उतरव, पांढरी एक धर," प्रेमराज म्हणाला आणि मेघाच्या बोटांवरून हात नेऊन त्याने स्वतःच पेटीची पट्टी दाबली.

मेघाने वर पाहिले. दोन वर्षांपूर्वी ती बापाच्या मागे पेटीला बसू लागली, तेव्हा तिच्या गळ्याला सोसावा म्हणून त्यानेच आपला सूर काळी तीनवर चढवला होता.

"भाऊ, तबला लागी गया ना काळी तीनले," तबल्यावरचा भटू म्हणाला. "आते परत ठोकू का?"

"ठोक."

"कालदिन तर घसा चांगला व्हता."

प्रेमराजने फेट्याचा शेमला खोचला. भटूने पुटपुटत हातोडी उचलली. मेघाने पेटीचा भाता सारखा केला. ती काही बोलली असती तर त्याला बरे वाटले असते.

साक्रीच्या चर्चमधल्या मेळाव्याचा हा दुसरा दिवस. प्रेमराजचे धुळ्याला शिलाईचे दुकान. पण या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत त्याची ओळख कीर्तनकार म्हणूनच. वीस वर्षे झाली. कीर्तन आटोपले की लोक प्रार्थनेसाठी त्याच्यापुढे येत. कुणाच्या मुलीची सोयरीक अडलेली, कुणाची म्हैस आटलेली. तो डोक्यावर हात ठेवी आणि शब्द मशीनच्या टाक्यांसारखे ओळीने पडत जात. प्रार्थनेला सगळे पुरुष डोके उघडे करीत. प्रेमराज मात्र फेटा ठेवी. कीर्तनकाराचा तेवढा मान असतो.

काल भागाबाई आली होती. मोतीबिंदूने पांढरी झालेली नजर, हातात काठी. प्रेमराजने सवयीने हात पुढे केला. ती त्याच्या बाजूने चाचपडत पेटीपाशी गेली.

"पोरी, मना डोयानं ऑपरेशन शे परवा. तूच सांग देवले."

मेघाने तिला जवळ बसवले. "भीती वाटते का, आजी?"

"वाटस ना माय."

मेघाने डोळे मिटले. "प्रभू, भागाबाईला भीती वाटते," एवढेच म्हणाली आणि गप्प राहिली. ते गप्प राहणे इतके लांबले की बाहेर चुलीवरच्या भाताचे रटरटणे ऐकू येऊ लागले. भागाबाई उठली तेव्हा हसत होती. प्रेमराजचा हात तोवर तसाच पुढे होता. मग त्याने तो उपरण्याला पुसला.

मेघा लहानपणी कीर्तनात बाकावर झोपून जायची. तेव्हा तो रोज गुडघे टेकून मागायचा, देवा, हिला विश्वास दे. दिला. पण तो असा आपल्या डोळ्यांदेखत आपल्यापेक्षा उंच होईल, हे त्याने धरले नव्हते. आता पहाटे ती अंगणात एकटी बसे, आणि मधूनच कुणी काही सांगितल्यासारखी हसे. दारात उभ्या प्रेमराजला विचारावेसे वाटे, काय म्हणाला तो? आपल्याला तर वीस वर्षांत अवाक्षर नाही.

चिपळ्या वाजल्या. पांढरी एकचा सूर प्रेमराजच्या छातीत खोल बसला. मागून येणारी मेघाची ओळ घशातच विरत होती. काल लोकांच्या नजरा त्याच्या खांद्यावरून मागे जात होत्या, आज त्या त्याच्यावर खिळल्या. तो खुलला. दोनदा हशा काढला, गिरकी घेतली.

आख्यान वधस्तंभापाशी आले. खाली आई उभी आहे, वर लेकरू. इथे तो नेहमी थांबे आणि उपरण्याचे टोक डोळ्यांना लावी. तेवढ्यात साथीदाराने ओळ उचलायची, असा रिवाज. त्याने टोक डोळ्यांना लावले. डोळे कोरडे होते. ते नेहमीच कोरडे असत.

मागून ओळ आली नाही. खर्जात मेघाचा आवाज पोचत नव्हता. पेटी एकटीच वाजली, मग तीही थांबली. आणि मेघाने ती ओळ नुसती सांगितली, शेजारणीला सांगावी तशी:

"आई तिथंच उभी होती. कुठं जाणार?"

पुढच्या सतरंजीवर भागाबाईने पदर तोंडाला लावला. प्रेमराजच्या चिपळ्या अर्धी मात्रा उशिरा पडल्या.

कीर्तन आटोपले. काठी टेकत भागाबाई आली आणि या खेपेला त्याच्यापुढेच थांबली.

"भाऊ, काल तुम्हले सोडीसन पोरकडे गऊ. मन दुखनं व्हई तुम्हनं. आज तुम्हीच करा."

हेच तर हवे होते. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. शब्द आले, ओळीने, नेहमीचे. पहिला ओठांपर्यंत आणला आणि त्याला तो दुसऱ्याच कुणाच्या मापाचा वाटला.

"मेघा," त्याने हाक मारली. "इकडे ये."

"तुम्ही करा ना, नाना. मी आमेन म्हणते."

"तू कर."

मेघा आली, तिने भागाबाईला सतरंजीवर बसवले. प्रेमराज बाजूला झाला, क्षणभर उभाच राहिला. मग दोन्ही हातांनी फेटा उतरवून तो भागाबाईच्या शेजारी बसला आणि त्याने फेटा मांडीवर ठेवला. तबल्याची गवसणी बांधता बांधता भटूचा हात थांबला.

मेघाने भागाबाईच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. डावा हात बापाच्या उघड्या, पिकलेल्या डोक्यापर्यंत आला आणि तिथे, बोटभर अंतरावर, थबकला.

"भीती वाटते का, नाना?" तिने हळूच विचारले.