बांधावरचा धोतरा

कोंडिबा आबांचा ट्रॅक्टर माती उकरणारा रोटर लावून बांधाला येऊन थांबला, तवा म्हाळसा बाजरी खुरपत होती. दोघांची रानं शेजारी, मधी एकच बांध, भीमेकडं उतरत गेलेला. मागल्या साली रोटर फिरला आन् बांध हातभर म्हाळसाच्या रानात सरकला. तसे आबा भाविक माणूस. वडगावातला सप्ताह त्यांच्याबिगर उभा राहत नाही. पण बांध दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटते.

"तुझ्या धोतऱ्यानं माझी गाय गरगरली," आबा वरनंच बोलले. "डॉक्टर बोलवाया लागला. आज समदा बांध साफ करतो."

"माझी शेळीसुदीक धोतऱ्याला तोंड लावत न्हाई, आबा. तुमच्या गाईनं कसा खाल्ला?"

"कुट्टीतनं गेला."

"म्हंजी माझ्या बांधाचं गवत कापून तुमच्या मशिनीत घातलंत. कुणाला इचारून?"

"इखाची बाजू घेती व्हय? काल कीर्तनात काय ऐकलंस?"

"बुवा म्हणले, जगानं टाकलेलं महादेव डोक्यावर घेतो. तुम्ही तर टाळ घिऊन म्होरंच हुता."

म्हाळसानं हाताला फडकं गुंडाळलं आणि ट्रॅक्टरच्या तोंडासमोर बसून धोतरा उपटायला घेतला. ओल्या काळ्या मातीतनं मुळं सुळकन् निघत होती. काटेरी बोंडं तिनं पोत्यात भरली, बी सांडू दिलं नाही.

"बाजूला हो," आबा म्हणत राहिले. ट्रॅक्टर नुसता धूर सोडत राहिला.

उन्हं चढली तवा हद्दीच्या दगडापाशी एकच झाड उरलं, पांढऱ्या फुलांचं.

"ते ऱ्हायलं की."

"ते देवाचं. बाकी बांध साफ झाला. आता तुमच्या रोटरला काय काम?"

तेवढ्यात आबांची बायको तुळजाबाई पूजेचं ताट घेऊन आली. श्रावणी सोमवार होता. दर साली ती न विचारता इथनं फूल खुडून न्यायची. आज तिनं ट्रॅक्टर बघितला, उपटलेला ढीग बघितला, आन् मालकाकडं न बघता आपल्याच रानात थबकली.

"म्हाळसा, तुझ्या बांधावर येऊ का गं? महादेवाला फूल हवंय."

"या की काकी. फूल खुडल्यावर हात तेवढा डोळ्याला लावू नका."

आबांनी रोटर उचलला. ट्रॅक्टर वळवताना चाक बांधाला लागू नये म्हणून चांगला लांबनं घेतला.