ठणठणीत

लंब्याने तब्येत सुधारायचं मनावर घेतलं, तेव्हा वसतिगृहात कुणाचा विश्वासच बसेना. आणि का बसावा? हाच तो पोरगा, जो दुपारी उठून बिस्किटांचा पुडा फोडायचा आणि त्याला नाश्ता म्हणायचा, रात्र रात्र मोबाइलमध्ये डोळे घालून बसायचा आणि एक मजला चढायचा तरी लिफ्टची वाट बघायचा. पण आता कारणच तसं होतं. त्याच्या ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. एक किडनी द्यायची, तर आईला मधुमेह, भावोजींची जुळेना. उरलं कोण, तर हे शेंडेफळ. याचं सगळं जुळलं. फक्त पहिल्या तपासणीत रक्तदाब थोडा चढा निघाला. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "या वयात? आधी सवयी सुधार, मग ये."

झालं! पठ्ठ्या असा पेटला की विचारू नका. सकाळी धावणं, संध्याकाळी जिम, ढीगभर उकडलेली अंडी, रोज चिकन, दुधात घोटलेली पावडर. कोल्ड्रिंक बंद, जागरण बंद. जिममधला दादा म्हणाला, ही दुसरी पावडरही घे, ताकद येते; तीही घेतली. ताईला द्यायची तर चांगली दणकट करून द्यावी, असं त्याचं म्हणणं. जणू दंड फुगले की किडनीही फुगते! त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला सगळे कुंभ्या म्हणत, कारण तो वर्गातसुद्धा घोरायचा. तो पांघरुणातून म्हणायचा, "अरे बाबा, तुला बघूनच मला दम लागतो."

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी तर लंब्याने कहरच केला. आज कुठे कमी पडायला नको, म्हणून रक्त द्यायच्या आधी जिममध्ये जाऊन घाम गाळून आला. सोबत आलेल्या कुंभ्यानेही बसल्या बसल्या आपलं रक्त तपासून घेतलं.

रक्तदाब झकास निघाला. किडनीचा आकडा मात्र बिघडला. दवाखान्यातून फोन आला, "असा आकडा असेल तर किडनी देता यायची नाही. उद्या बाईंना भेटा." कुंभ्याचं सगळं ठणठणीत. लंब्या फोन हातात धरून नुसता उभा राहिला. बिस्किटं खात होतो तेव्हा चांगली होती, आणि अंडी खाल्ली तर बिघडली? हा कुठला न्याय?

पण खरा गोंधळ पुढेच आहे. फोन ठेवून तो कॉटवर आडवा झाला आणि भर दुपारी असा गाढ झोपला, जसा कित्येक आठवड्यांत झोपला नव्हता. उठला तेव्हा अंग हलकं झालेलं. सुटलो, असं मनात आलं आणि लगेच त्याला स्वतःचीच शिसारी आली. ताई तिकडे झिजतेय आणि मी सुटलो?

"कुंभ्या, मी मुद्दाम तर केलं नसेल ना?"

"किडनी मुद्दाम बिघडवायला आधी ती कुठे असते ते माहीत पाहिजे," कुंभ्या म्हणाला. मग मात्र तो उठून बसला. "घाबरलायस का रे?"

"माहीत नाही," लंब्या म्हणाला. खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई हट्टाने दवाखान्यात आली. डॉक्टरबाईंनी तिला बाहेरच बसवलं आणि लंब्याला एकट्याला आत घेतलं. काय खातोस, काय पितोस, सगळं खोदून विचारलं. पावडरींचं ऐकलं, जिमचं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, एवढं मांस, ही पावडर आणि वर तपासणीच्या सकाळी व्यायाम! आकडा चढणार नाही तर काय होणार? महिनाभर हे सगळं बंद. साधं जेव, पाणी पी, झोप. मग पुन्हा बघू. बहुतेक तुझी किडनी उत्तम आहे."

लंब्याचा चेहरा उतरला. तो का उतरला, ते बाईंनी बरोबर ओळखलं.

"ऐक," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "देणाऱ्याला आम्ही एकटं असताना विचारतोच. तुला द्यायची आहे का? नको असेल तर आताच सांग. बाहेर मी एवढंच सांगेन की तुझी किडनी चालणार नाही. खरं कारण कुणालाही कळणार नाही. ताईलाही नाही."

इतकं सोपं! आणि सोपं झालं म्हणूनच जास्त अवघड झालं. हो म्हणावं तर भीती वाटत होती, नाही म्हणावं तर लाज. यातलं आपलं खरं कुठलं, तेच त्याला कळेना. "बाई, मला काहीच समजत नाहीये," तो रडवेला होऊन म्हणाला.

"मग विचार कर. घाई नाही," बाई म्हणाल्या.

बाहेर ताई बाकावर बसली होती. पाय सुजलेले, चपला काढून ठेवलेल्या. त्याला बघताच तिने हसरा चेहरा केला. "राहू दे रे. नाही जमलं तर नाही जमलं. तू कशाला तोंड पाडतोस?"

'नाही जमलं' एवढं एक वाक्य बोलायचं, की संपलं. ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"महिनाभर जिम बंद करायला सांगितलंय," तो म्हणाला. "मग परत तपासणार."

"म्हणजे..." ताईने त्याचं मनगट एकदम घट्ट पकडलं. "म्हणजे जमेल? तुझी मिळेल मला?"

एवढ्या महिन्यांत तिने पहिल्यांदाच मागितलं होतं. मागून गेल्यावर तीच ओशाळली, हात काढून घेतला आणि पदराने डोळे टिपत म्हणाली, "अगं बाई, काय माझी जीभ. तुझं वय ते काय!"

"ताई, मला खूप भीती वाटते," लंब्या म्हणाला.

"वाटणारच की रे राजा."

"नाही, खरंच खूप वाटते. काल आकडा बिघडला तर मला बरं वाटलं."

ताई पायाने चपला चाचपू लागली. लंब्या खाली बसला, तिच्या चपला तिच्या सुजलेल्या पायांत हळूच सरकवल्या आणि मान वर न करताच म्हणाला, "मिळेल."

भीती काही गेली नव्हती. तो तसाच उठला आणि डॉक्टरबाईंचं दार ठोठावलं.