मागची टाळकरीण

दवनीवाड्याच्या शांतीबाईला लिहिता-वाचता जेमतेम येई, पण कान मोठा तयार. तीस वर्षं बाई कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरून उभी राहिलेली. एकदा ऐकलेला अभंग तिच्या कानातून कधी निसटला नाही.

लेक रुची सरकारी नोकरीची परीक्षा देत होती. तीनदा इंग्रजीतच गेली. आता चौथी खेप, वयाची अट पाहता शेवटचीच. फोनवर तिनं एक मास्तर शोधला होता. कुठला कोण जाणे, पण राजकारणातले इंग्रजी शब्द एकेक करून सांगे आणि अर्थ उर्दूत देई. संथपणे, प्रत्येक शब्द तीनदा. शांतीबाईला तो आवडला. बुवासारखाच सांगतो, म्हणे. गोंदियाच्या बाजारात हिंदी ऐकत जन्म गेलेला, त्यामुळे हुकूमत, वजीर, इस्तीफा तिच्या ओळखीचेच निघाले. पुस्तकातलं 'सार्वभौमत्व' मात्र भातातल्या खड्यासारखं दाताखाली येई.

तीन आठवडे रोज दिवेलागणीला हेच. माय तांदूळ निवडी, रुची म्हणून दाखवी. धानाच्या बांध्यांवरून आलेला धनलाल बायकोला विचारे की, आज आपल्या घरी कोणत्या मुलखाची पंचायत भरली? माय-लेकींचा पाढा चालूच राही.

नागपूरचा पेपर उद्यावर आला. रुची भिंतीला टेकून बसली. कॉन्स्टिट्यूशन, आईन. मेजॉरिटी, अक्सरियत. आवाज अगदी सपाट. अ‍ॅडजर्नला अडकली.

कीर्तनात बुवाचा दम सुटला की मागचे टाळकरी ओळ उचलतात. शांतीबाईनं सवयीनं उचलली. "मुल्तवी," म्हणाली, आणि तिथं कुठली थांबायला! पुढचे नऊ शब्द अर्थासकट, चालीवर म्हणून गेली. संपले तेव्हा तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"तूच जाय परीक्षेले, माय," रुची म्हणाली. हसली नाही.

"काऊन वं?"

"एक शब्दबी आत जाऊन नाही राहिला. मले नाही होत आता."

शांतीबाईचे हात सुपातच थांबले. पोरीच्या डोळ्यांखालचं काळं तिला आज दिसलं. इतके दिवस तिनं नुसता कान दिला होता, पाहिलंच नव्हतं. ओळ उचलायची ती बुवाला श्वास घेता यावा म्हणून. त्याला बसायचंच असेल तर मंडळी आरती लवकर घेतात, देव त्यावर रुसत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं का?

हॉलतिकीट तिनंच विठोबाच्या पायाशी ठेवलं होतं. उठून काढलं आणि रुचीच्या मांडीवर ठेवलं.

"सकाळची गाडी तुह्या हाती. मी उठवत नाही."

"अन् बाबा?"

"त्याईले मी सांगीन."

सकाळी नागपूरची गाडी धरायची तर गोंदियाला नेणारी पहिली बस हवी. ती फाट्यावर हॉर्न वाजवून निघून गेली. रुचीच्या खोलीत हालचाल नव्हती. शांतीबाईनं तांदूळ धुवायला घेतले. मास्तरचे शब्द आपसूकच ओठांवर आले, अक्सरियत, इलेक्शन, इंतिखाब... तिनं दाराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग पाणीसुद्धा सावकाश, भांड्याच्या कडेनं ओतलं.